शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक

"शेवट गोड आहे ना?" नाटकाच्या तिकिटाच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले म्हणजे हा प्रश्न हटकून कानी पडतो. विचारणारा बहुधा बायकामुले घेऊन आलेला असतो. खिडकीतला माणूस कधी हसून मान डोलावतो, कधी "बघा तर खरे" म्हणून वेळ मारून नेतो. नाटक दुःखाचे आहे असे तो सहसा सांगत नाही. सांगितले तर गिऱ्हाईक परत जाईल, अशी त्याची समजूत. शिकलेल्या मंडळींची समजूत आणखी निराळी. शेवट आधी कळला की गोडी गेली, मग तो शेवट कडू असो की गोड. या दोन्ही समजुती आपल्याकडे इतक्या मुरल्या आहेत की त्या तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. आम्हांला त्या तपासाव्या लागल्या, आणि त्याला कारण घडले ते जासईतच. ते यथाक्रम येईल.

आम्ही काही नाट्यशास्त्राचे पंडित नव्हे. आमचा दिवस संघटनेच्या कामात जातो आणि वाचन होते ते रात्री. परंतु प्रेक्षकांत बसणाऱ्या माणसांशी बोलणे हाच आमचा धंदा असल्यामुळे, नाटकाविषयी पुस्तके काय म्हणतात याच्या आधी मराठी प्रेक्षकाने गेल्या एकशेऐंशी वर्षांत स्वतः काय केले ते पाहावे, असे आम्हांला वाटले. तिकिटाला पैसे मोजणारा तो. त्याची साक्ष आधी घेतली पाहिजे.

आरंभ सांगलीपासून करू. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा रंगभूमीवर प्रथम येई तो सूत्रधार. तो पद्ये म्हणून कथा सांगे आणि मग पात्रे पुढे होऊन तीच कथा बोलून, हातवारे करून दाखवीत. म्हणजे पुढे काय होणार हे प्रेक्षकाला एकदा पुराणातून ठाऊक, दुसऱ्यांदा सूत्रधाराच्या तोंडून ठाऊक, आणि तरी तो रात्र रात्र बसे. कीर्तनाचीही तीच तऱ्हा. बुवांनी उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान लावले की मांडवातल्या प्रत्येक बाईला कळे की आता राज्य जाणार, तारामतीची विक्री होणार, रोहिदासाला सर्प दंश करणार आणि राजा डोंबाघरी राबणार. पदर डोळ्यांपाशी आधीच गेलेला असे. कोणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही.

व्यवहारी माणसाने या हरिश्चंद्राचा हिशेब जरा ध्यानात घ्यावा. दादासाहेब फाळक्यांनी दागिने गहाण टाकून पहिला चित्रपट काढला, तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. विषय हरिश्चंद्र. पुढे १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट 'प्रभात'ने काढला, 'अयोध्येचा राजा'. विषय पुन्हा हरिश्चंद्रच. जेथे सारी पुंजी पणाला लागते तेथे माणूस धोका पत्करीत नाही. ज्या गोष्टीचा शेंडाबुडखा साऱ्या देशाला पाठ आहे आणि जिच्यात दोन घटका रडल्यावाचून सुटका नाही, तीच गोष्ट या दोघांनीही भरवशाची मानली. शेवट आधी कळल्याने गोडी जात असती तर दोघेही बुडाले असते.

यावर कोणी म्हणेल, हरिश्चंद्राला शेवटी देव भेटतो, मुलगा उठून बसतो. रडणे झाले तरी घरी जाताना मन हलके असते. तेथे प्रेक्षकाला दुःख ठाऊक असते तसा उतारही ठाऊक असतो. हा आक्षेप रास्त आहे. आपली जुनी नाट्यपरंपरा नांदीने सुरू होई आणि मंगल वचनाने संपे. मृत्यू दाखवू नये असा तिचा दंडक. भवभूतीने सीतात्यागासारखा विषय घेऊन करुणरस शिगेला नेला, पण शेवटी रामसीतेची भेट घडवलीच. तेव्हा खरी परीक्षा व्हायची ती अशा नाटकाची, ज्यात माणूस मरतो आणि मेलेलाच राहतो.

ही परीक्षा आपल्याकडे फार लवकर झाली, हे पुष्कळांना माहीत नसते. पौराणिक खेळ आटोपल्यावर त्या काळी जे छोटे गद्य खेळ होत त्यांना 'फार्स' म्हणत. फार्स म्हणजे हसण्याचाच प्रकार असा अर्थ अजून पक्का झालेला नव्हता. त्यामुळे नारायणराव पेशव्यांच्या वधाचाही एक 'फार्स' होता! आज हे वाचून हसू येते. परंतु १७७३ साली शनिवारवाड्यात गारद्यांनी कापलेला तो कोवळा पेशवा लोकांना घराघरांतून माहीत होता, आणि त्याचा वध पाहायला लोक येत होते. नंतर १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने या एकविशीतल्या तरुणाने 'थोरले माधवराव पेशवे' लिहिले. मराठीतले पहिले स्वतंत्र गद्य नाटक म्हणून त्याचे नाव घेतात. त्याच्या शेवटी माधवराव जातात आणि रमाबाई सती जातात. थेऊरला १७७२ साली सत्ताविसाव्या वर्षी माधवराव क्षयाने गेले ही गोष्ट पुण्यासातारच्या कोणत्या माणसाला सांगायला हवी होती? स्वतंत्र मराठी नाटकाचा पहिला नायक मरणारा निघाला, आणि तो मरणार हे प्रेक्षकाला पडद्यापूर्वीच ठाऊक होते. आपल्या रंगभूमीचा पायाच असा घातलेला आहे.

पुढे इंग्रजी नाटके आली. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली काढलेल्या एकशेएक दिवसांत 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम केले. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली छापून निघाले. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केला. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी ही नाटके गावोगाव इतकी गाजवली की लोक गोष्ट ऐकायला जात नसून गणपतराव पाहायला जात. पाचव्या खेपेला जाणाऱ्याला हॅम्लेट मरणार की जगणार ही उत्कंठा कसली असणार? इंग्लंडातल्या लोकांनी मात्र याच शेक्सपिअरच्या बाबतीत हात टेकले होते. 'किंग लिअर'मधला कॉर्डिलियाचा मृत्यू त्यांना सोसवेना, म्हणून नेहम टेट नावाच्या कवीने १६८१ साली शेवट गोड करून दिला. कॉर्डिलिया जगते, तिचे लग्नही लागते. दीडशे वर्षे तेथल्या रंगभूमीवर हाच लिअर चालला. डॉक्टर जॉन्सनसारखा जाडा विद्वान मूळ नाटकाचे शेवटचे प्रवेश एकदा वाचून इतका हादरला की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत त्याने ते पुन्हा उघडले नाहीत. गोड शेवटाची हौस ही काही अडाणी प्रेक्षकाची मक्तेदारी नव्हे, एवढे सांगण्यासाठी हा दाखला दिला. आपल्याकडे 'शारदे'चा शेवट देवलांनी गोड केला आणि म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या तावडीतून पोरीला सोडवले. त्या काळच्या अशा किती पोरी प्रत्यक्षात सुटत होत्या, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आता येतात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. यांनी तर खिडकीतल्या माणसाची पंचाईतच संपवली. नाटकाचे नावच ठेवले 'सवाई माधवरावांचा मृत्यू'. विशी उलटताच, १८९३ साली, त्यांनी ते लिहिले आणि १९०६ साली ते रंगभूमीवर आले. जाहिरातीच्या कागदावर, भिंतीवर, तिकिटावर, सर्वत्र मृत्यू. १७९५ च्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कोसळला, आणि दोन दिवसांत गेला. तो अपघात की आत्महत्या यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. पण खाडिलकरांच्या प्रेक्षकाला उडी पडणार हे नक्की माहीत होते. मग तो पाहायला काय आला?

आमच्या मते, तो कारण पाहायला आला. उडी पडणार हे एकदा ठरलेले असले म्हणजे नजर उडीवरून निघते आणि तिच्या आधीच्या गोष्टींवर बसते. नाना फडणीस चांगले का वाईट, त्यांचा धाक वाजवी की जाचक, तो केशवशास्त्री कानाशी काय कुजबुजतो, आणि भोवतालची शहाणी म्हणवणारी माणसे डोळे असून आंधळी कशी होतात, हे तो पाहतो. शेवट न कळलेला प्रेक्षक "आता काय होईल?" असे विचारीत बसतो. शेवट कळलेला प्रेक्षक "हे कोठे चुकले?" असे विचारतो. दुसरा प्रश्न अधिक जड, आणि त्यात गोडीही अधिक आहे. याच खाडिलकरांचा 'कीचकवध' १९०७ साली आला तेव्हाही नावातच शेवट होता. भीम कीचकाला मारणार, आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातला माणूसही जाणून होता. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे सरकारलाही शेवट कळला होता म्हणायचा.

दुःखाच्या नाटकांत मराठी प्रेक्षकाने सर्वांत अधिक जीव लावला तो मात्र 'एकच प्याला'वर. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास केला तो २० फेब्रुवारीस, म्हणजे बरोबर चार आठवड्यांनी. त्या पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकाला नाटकाचा शेवट कदाचित ठाऊक नसेल, पण लिहिणारा उरला नाही हे ठाऊक होते. त्यानंतरच्या रात्री मात्र जो येई तो सारे जाणूनच येई. सुधाकर वकील हुशार आणि मानी. अपमानाने होरपळलेल्या त्या माणसाला तळीराम पहिला प्याला देतो. सिंधू जात्यावर दळून संसार रेटते. मूल जाते, सिंधू जाते, आणि सुधाकर शेवटचा प्याला घेतो तो विष कालवलेला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहायला लोक पुन्हा पुन्हा गेले. शेवट माहीत असूनच नव्हे, माहीत होता म्हणूनच गेले, असे म्हणण्याइतके आम्ही धीट आहोत.

याचे कारण नाटकाच्या बांधणीत आहे. गडकऱ्यांनी दुःखाच्या शेजारी तळीराम आणि त्याचे मद्यपी मंडळ बसवले आहे. पहिल्या खेपेला माणूस तळीरामावर पोट धरून हसतो आणि पुढे रडतो. दुसऱ्या खेपेला तो हसता हसताच थांबतो. ज्या विनोदावर आपण टाळी देतो आहोत तोच सिंधूच्या घरात शिरणार आहे, हे आता त्याला दिसते. पहिला प्याला सुधाकराच्या हाती येतो तो प्रवेश नवख्या प्रेक्षकाला साधा वाटतो. सारे जाणणाऱ्याला तेथेच घाम फुटतो. म्हणजे शेवट कळल्याने नाटकातले दुःख शेवटाच्या अर्ध्या घटकेत कोंडलेले राहत नाही. ते मागे सरकते, पहिल्या अंकापर्यंत पसरते. ज्याने पैसे मोजले त्याला सारे नाटक मिळते, नुसता शेवट नव्हे.

विद्वानांनीही या कोड्याला हात घातला होता. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्यालाच साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. दुसऱ्याच्या सुखदुःखाशी एकरूप व्हायचे आणि तरी आपण आपण आहोत हे भान सोडायचे नाही, या दुहेरी अवस्थेत काव्यानंद आहे, असा तिचा मथितार्थ. कल्पना आम्हांला पटते. फक्त एक भर घालावीशी वाटते. ते भान टिकवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे पुढचे आधी माहीत असणे. ज्याला कशाचाच पत्ता नाही तो वाहून जातो. ज्याला पत्ता आहे तो काठ धरून पाण्यात उतरतो, म्हणून खोलवर जातो.

आता हे झाले सुखवस्तू प्रेक्षकाचे, असे आमचेच काही सहकारी म्हणतात. मजुराला दिवसभर काय कमी दुःख आहे, म्हणून रात्री त्याला आणखी रडवायचे? त्याला हसवा. हे बोलणे दयाळूपणाचे वाटते, पण त्यात थोडी तुच्छता आहे, असे आमचे मत आहे. गिरणगावाचा इतिहास काही निराळेच सांगतो. परळला सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून उभे होते. तेथे गिरणीतल्या हौशी मंडळ्यांनी पाळ्या सांभाळून, पदरचे पैसे घालून नाटके केली; ती काही सगळी हसण्याची नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठ्यांची मैनेची छक्कड शाहीर अमर शेख गात. गावी राहिलेली बायको, मुंबईत राबणारा गडी, आणि शेवटी ती ताटातूट महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारशी जोडलेली. ऐकणाऱ्यांत अर्धेअधिक लोक स्वतः गावी बायका ठेवून आलेले. त्यांना यातले नवे काय होते? आणि तरी त्या गाण्याने मैदाने भारली जात.

आमच्या संघटनेच्या एका वार्षिक संमेलनात हा वाद प्रत्यक्ष झाला. सभासदांनीच 'एकच प्याला' बसवायचे ठरवले होते. कार्यकारिणीतले काही म्हणाले, नाटक दुःखाचे आहे हे फळ्यावर लिहू नका, कोणी फिरकणार नाही. आम्ही लिहिले. अगदी साध्या शब्दांत लिहिले की नाटक दारूचे आहे, दुःखाचे आहे आणि शेवटी घर बुडते. पगाराच्या दिवशी नवऱ्याचे पाकीट घरी पोचावे म्हणून कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहणाऱ्या ज्या बायका आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो, त्या त्या रात्री पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या. पहिल्या प्याल्याच्या प्रवेशाला मागून एक गडी ओरडला, "घेऊ नको रे!" हा गडी तालमींना हजर असे, नाटकाचा शब्दन् शब्द त्याला ठाऊक होता. कोणी हसले नाही. दुसरा एक सभासद मात्र फळा वाचून आला नाही. त्याचा भाऊ दारूनेच महिन्यापूर्वी गेला होता. पुढच्या वर्षी तेच नाटक पुन्हा झाले तेव्हा तो आपण होऊन आला आणि शेवटपर्यंत बसला.

त्याच्यामुळे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. "शेवट गोड आहे ना?" असे विचारणारा नेहमीच दुःखाला टाळीत नसतो. आज, या माणसांबरोबर, या मनःस्थितीत आपल्याला ते झेपेल का, एवढेच त्याला ठरवायचे असते. पोटुशी मुलगी बरोबर आहे, म्हातारी आई बरोबर आहे, घरात नुकतेच मरण झाले आहे. अशा माणसाला फसवून आत बसवले तर तो नाटक पाहत नाही, खुर्ची धरून सुटकेची वाट पाहतो. ज्याला सांगितले तो एक तर येत नाही किंवा तयारीने येतो, आणि तयारीने आलेला प्रेक्षक हा नाटकवाल्याला मिळणारा सर्वांत उत्तम प्रेक्षक. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली निघाली. तिच्यात श्याम गेलेल्या आईच्या आठवणी सांगतो आहे हे आरंभीच कळते. अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट काढला तोवर ती घरोघर वाचलेली होती. आई जाणार हे पोरासोरांना ठाऊक, आणि तरी थिएटरे भरली. चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते वेगळेच. 'नटसम्राट' १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आला. त्यातल्या अप्पासाहेब बेलवलकरांची वाताहत जाणूनच पुढच्या पिढ्या त्याला जात राहिल्या. डॉक्टर लागूंनंतर इतरांनी ती भूमिका केली ती काही गोष्ट नवी होती म्हणून नव्हे.

याची दुसरीही बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. बायका गटागटाने गेल्या, आणि रडण्यासाठीच गेल्या. सासुरवाशिणीचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणत नाही; ज्यांनी ते भोगले त्यांनी पदर ओले केले. परंतु दुःख आहे हे सांगणे निराळे आणि दुःखाची हमी देणे निराळे. हमी दिली की माणूस नाटक पाहण्याऐवजी आपले अश्रू मोजतो; ठरल्याएवढे आले नाहीत तर पैसे फुकट गेले म्हणतो. शिवाय जेथे सारी गंमत गुपितातच आहे, खून कोणी केला हे शोधायचे आहे, तेथे तोंड बंद ठेवलेलेच बरे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात लेव्हिट आणि ख्रिस्टेनफेल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांनी कथा अधिक आवडल्याचे सांगितले, अगदी रहस्यकथासुद्धा. पुढे इतरांच्या प्रयोगांत उलटही निघाले. प्रयोगशाळेत एकट्याने वाचलेली कथा आणि पाचशे माणसांत बसून पाहिलेले नाटक यांची तुलना कितपत करावी, याचीच आम्हांला शंका आहे. मांडवात शेजारच्याचा हुंदका ऐकू येतो. कागदावर येत नाही.

आता जासईचे. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी १९७० पासून घेतल्या जाऊ लागल्या. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली. मोबदला तुटपुंजा, म्हणून याच गावात १९२६ साली जन्मलेल्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य करून घेतले गेले. बंदर १९८९ साली सुरू झाले. आज त्या फाट्यावरून कंटेनरच्या रांगा जातात, आणि तेथे काय झाले हे गाडी हाकणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

या लढ्यावर एक पोवाडा आणि त्याला जोडून छोटे नाटक करावे असे गावातल्या काही तरुणांच्या मनात आले, आणि ते आमच्याकडे सल्ल्याला आले. पोरे गुणी आहेत. त्यांचा विचार असा की, जाहिरातीत गोळीबाराचा उल्लेख नको. खेळाला 'विजय'सारखे काही नाव द्यावे, शेवट साडेबारा टक्क्यांवर करावा, मरण मध्ये कोठेतरी उरकून घ्यावे. लोक दुःखाला कंटाळलेत, असे एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पाच माणसे गेली हे आधीच सांगितले तर पुढे पाहण्यासारखे राहिले काय? आमचा त्यांच्याशी झालेला वाद म्हणजेच हे व्याख्यान होय.

त्यांना आम्ही पोवाड्याचेच उदाहरण दिले. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा हा मराठीतल्या अगदी जुन्या पोवाड्यांपैकी एक. १६७० साली तानाजी गडावर पडला हे ठाऊक नसलेला श्रोता शाहिराला तेव्हाही मिळाला नसेल. पोवाड्यात तानाजी प्रथम येतो तो मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचे निमंत्रण घेऊन. ज्याला शेवट माहीत नाही त्याला ही नुसती घरगुती हकीकत. ज्याला माहीत आहे त्याला तेथेच चर्रर होते, कारण हा बाप मांडवात उभा राहणार नाही हे त्याला कळलेले असते. शाहिराने सारी मदार या माहितीवर ठेवली आहे. ती काढून घ्या, लग्नाचा प्रसंग फुसका होतो. तसेच सोळा जानेवारीच्या सकाळचे आहे. ती माणसे घरून निघाली, कोणी गाई-म्हशींना वैरण टाकून निघाले, कोणी पोराला "दुपारी येतो" सांगून निघाले असेल. हे सारे पाहणाऱ्याला जड कधी वाटेल? ती परतणार नाहीत हे त्याला आधी सांगितले असेल तेव्हाच. साडेबारा टक्के त्यानंतर जरूर सांगावेत, आकड्यांनिशी सांगावेत. मात्र त्यांनी मरण झाकू नये. किंमत लपवून मालाची वाखाणणी करणे हा व्यापाऱ्याचा रिवाज झाला.

शिवाय येथला प्रेक्षक कोण, हेही पाहायला हवे. दरवर्षी १६ जानेवारीला स्मारकाशी जी माणसे जमतात त्यांत ज्याला शेवट ठाऊक नाही असा एक तरी दाखवा, असे आम्ही त्यांना म्हटले. १९३० साली २५ सप्टेंबरला चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. त्या दिवसाला आता पंच्याण्णव वर्षे होऊन गेली, तरी लोक तेथे जातातच. नवे ऐकायला कोणी जात नाही.

पोरांनी शेवटी पोवाड्याचे दोन चौक बांधून आणले आणि एका संध्याकाळी देवळापुढे म्हणून दाखवले. आरंभीच्या नमनानंतर पाचही नावे घेतली. नाव काय द्यायचे ते अजून ठरलेले नाही. ऐकायला बसलेल्यांत त्या दिवशी फाट्यावर गेलेल्या काही म्हाताऱ्या बायका होत्या. नावे आली तेव्हा त्या स्वस्थ होत्या. पुढे सकाळी माणसे निघाल्याचे वर्णन आले, झेंडे आले, घोषणा आल्या, आणि शाहीर दम घेण्यासाठी थांबला तशी त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "आमी भाकऱ्या बांधून नेल्या व्हत्या, ता पण सांग रं बाला." शाहिराने डफ खाली ठेवला आणि कसल्या भाकऱ्या, बरोबर काय होते, कोणी बांधल्या होत्या, ते तिला विचारू लागला. बाकीच्या बायका एकदम बोलू लागल्या. चौक तेथेच राहिला.